चिठ्ठीशिवाय डोळ्यांत ड्रॉप घालणे बंद करा!

इचलकरंजीतल्या यंत्रमाग, वहिफणी, सायझिंगमध्ये राबणाऱ्या बंधू-भगिनींनो,

गेल्या आठवड्यात आपल्याच गल्लीतल्या कांडीवाल्या मावशींना काचबिंदू निघाला. डोळे चुरचुरतात म्हणून त्या वर्षभर मेडिकलमधून एकच बाटली आणत होत्या. तिच्यात स्टेरॉइड होते. वरून लाली जायची, आत डोळ्याचा दाब वाढत होता. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही! ही औषधे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा कायदा आहे, तरी ‘ड्रॉप द्या’ म्हटले की बाटली पुढे सरकते. विकणाऱ्याला लाज नाही आणि आपल्याला बाटलीवरचे वाचायची सवय नाही.

मावशींचे मूळ दुखणे साधे होते. डोळे कोरडे पडले होते. ‘पाणी गळतंय, मग कोरडे कसे?’ म्हणणाऱ्या शहाण्यांनी ऐकावे. अश्रूंवर पापणीच्या कडेतले तेल पसरते, ते कमी पडले की पाणी उडून जाते, डोळा चुरचुरतो आणि धार लागते. मिनिटाला १५-२० वेळा मिटणारी पापणी तुटका धागा शोधताना, सुटीनंतर मोबाइल बघताना निम्म्यावर येते. त्यात खात्यातले तूस. मधुमेह, संधिवात, अ‍ॅलर्जीच्या रोजच्या गोळ्या, मासिक पाळी थांबलेले वय, यांनी त्रास वाढतो.

आता कामाचे. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची नावे पाठ करा; चिठ्ठी नसेल तर बाटली परत करा, पक्के बिल मागा. ज्यांनी महिनोन्महिने असले ड्रॉप घातलेत त्यांनी डोळ्याचा दाब तपासून घ्यावा, कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात जावे. ‘खाडा पडतो’ ही सबब नको, लग्नाला खाडा पडतोच ना! कोमट पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्याने मिटलेल्या पापण्या पाच-दहा मिनिटे शेका. पंखा तोंडावर नको. कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप डॉक्टरांना विचारून घ्या. उघडलेली बाटली महिन्याने फेका, एकमेकांची वापरू नका. कृत्रिम अश्रू दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्वेटिव्ह नसलेले मागा. गुलाबजल, मध वगैरे स्वयंपाकघरातच राहू दे. डोळा ठणकला, उजेड सोसवेना, अंधुक दिसू लागले तर त्याच दिवशी डॉक्टर.

चिठ्ठीशिवाय विकणाऱ्यांची तक्रार करून काय होणार, म्हणाल. खात्यात प्यायच्या पाण्याचा नळ मागितला तेव्हाही ‘काही होत नाही’ म्हणणारे होते. नळ आपल्याच मंडळाने आणला. रविवारी सकाळी दहाला घरातल्या सगळ्या बाटल्या आणि बिले घेऊन मंडळात या. अन्न व औषध प्रशासनाकडच्या तक्रारीवर तिथेच सह्या घेऊ.