तरुण संघाकडून काय मागावे?

भातकापणी उरकली की रोहे तालुक्यात कबड्डीची मैदाने आखली जातात आणि कुंडलिकेकाठच्या वरसे गावापासून डोंगराकडच्या वाड्यांपर्यंत संध्याकाळच्या गप्पांना चढाई-पकडीवाचून दुसरा विषय उरत नाही. २०१९ च्या जानेवारीत वरिष्ठ गटाची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा याच रोह्यात भरली होती. तेव्हा मुंबईच्या 'यू मुंबा' संघाकडून काय अपेक्षा बाळगावी, हे सांगण्याचा अधिकार इथल्या प्रेक्षकाला मुंबईकराइतकाच, किंबहुना कांकणभर अधिकच आहे.

प्रो कबड्डीच्या पहिल्याच वर्षी, २०१४ मध्ये, हा संघ उपविजेता ठरला. २०१५ मध्ये अनुपकुमारच्या नेतृत्वाखाली त्याने विजेतेपद मिळविले. पुढे ते यश पुन्हा हाती आले नाही. २०२१-२२ पासून तर सलग तीन हंगाम संघाला बाद फेरीही दुरावली. मग नवी जुळवाजुळव झाली, अजित चव्हाणसारखा तरुण चढाईपटू पुढे आला आणि २०२४ मध्ये संघ बाद फेरीत पोचला, तो पाटण्याकडून ३१-२३ असा हरून परतला. २०२५ मध्ये पुन्हा पाटण्यानेच वाट अडविली. आता चाहत्यांत कुरबुर सुरू झाली आहे, आणि ती अगदीच गैरवाजवी आहे असे आम्ही म्हणणार नाही. २०२५ च्या नियमांनी बारांपैकी आठ संघांना पुढची दारे उघडली; अशा वेळी नुसत्या प्रवेशाचे नगारे वाजविण्यात अर्थ नाही.

परंतु चषक आजच हवा, हा हट्ट निराळा. चढाईपटू एका हंगामात नावारूपास येऊ शकतो. त्याची तीस सेकंदे त्याची एकट्याची असतात. बचावाचे तसे नाही. कोपऱ्यातल्या गड्याने पाय धरण्यास झेप घ्यावी आणि त्याच क्षणी शेजारच्याने अंगावर यावे, हे जमण्यास दोघांना एकमेकांचा श्वास कळावा लागतो. सुनील कुमार आणि परवेश भैन्सवाल ही जोडी मुंबईकडे आली तेव्हा गुजरातच्या संघातील अनेक हंगामांचा सहवास तिच्या गाठीशी होता. त्यांच्या भोवतीच्या पोरांना तो कोठून मिळणार? (आमची उमेदीची वर्षे शाळामास्तरकीत गेली. सहामाहीच्या गुणांवरून मुलाला वर्ग बदलावयास लावणारे पालक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.)

शेजारच्या पुण्याचे उदाहरण पाहा. २०१९ मध्ये पुणेरी पलटण तळाशी रखडली होती. तिने अस्लम इनामदार, मोहित गोयत अशी कोवळी पोरे हाताशी धरली आणि सोडली नाहीत. २०२२ चा अंतिम सामना ती जयपूरकडून ३३-२९ ने हरली. १ मार्च २०२४ रोजी हरयाणाला २८-२५ ने नमवून विजेती ठरली. त्याच वर्षाच्या अखेरच्या हंगामात अस्लम जायबंदी झाला आणि विजेता संघ आठव्या क्रमांकावर घसरला. तरी संघ मोडला नाही. २०२५ मध्ये तो पुन्हा अंतिम फेरीत दिसला.

म्हणून आमचे मागणे चषकाचे नाही. बाद फेरीतला एक तरी सामना जिंकावा, एवढे या पोरांकडून जरूर मागावे. संघचालकांकडून मात्र अधिक मागावयास हवे : पुढच्या लिलावापूर्वी कोणत्या तरुणांना ते राखणार, आणि ते कोपऱ्यांतली जोडी तरी दोन हंगाम हलविणार नाहीत ना, हे त्यांनी आधीच जाहीर करावे.