त्यागाची देवी आणि घरची बहीण

ऋत्विक घटकांच्या ‘मेघे ढाका तारा’ (१९६०) या बंगाली चित्रपटाला ‘त्यागाची करुण कहाणी’ म्हणून गौरविण्याची रूढी पडून गेली आहे. ही प्रशंसा म्हणजे त्या कलाकृतीचा अधिक्षेप होय. घटकांनी त्यागाला आरती ओवाळलेली नाही. त्यागाच्या नावाखाली चालणाऱ्या घरगुती लुटीवर त्यांनी आरोपपत्र ठेवले आहे.

फाळणीने उद्ध्वस्त होऊन कलकत्त्याच्या वेशीवरील वसाहतीत आलेले हे कुटुंब. नीता मिळवते, थोरला शंकर गायनाची साधना करतो, धाकटी गीता व मंटू आपापले हट्ट पुरवून घेतात. पुढे जिच्यासाठी सनतने थांबावे, ती नीता बाजूस राहते आणि तो गीतेचा पती होतो. नीतेच्या वाट्यास क्षय येतो. यात खलपुरुष कोणी नाही. सारी आपलीच माणसे! जिना उतरणाऱ्या नीतेच्या मागे चाबकाचा फटकारा ऐकू येतो, मारणारा मात्र दिसत नाही. केवळ ध्वनीने एवढी फिर्याद मांडणारा दिग्दर्शक विरळाच.

नीतेवर घटकांनी जगद्धात्रीची व उमेची छाया धरली आहे. देवळाशी नाते सांगणाऱ्या आपण याचा अर्थ नीट लावला पाहिजे. मिळवत्या बहिणीला देवी म्हटले की तिचे देणे उरत नाही; दाखविलेला नैवेद्य शेवटी कोण खातो, हे सर्वांस ठाऊक असते.

कोणी म्हणेल, आता कायदा बहिणीच्या पाठीशी आहे. खरे आहे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कन्येला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क दिला. गोव्यात तर पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलगा व मुलगी समान वारस. परंतु वकील या नात्याने सांगतो, कायदा मिळकतीची वाटणी करतो, खर्ची पडलेल्या वर्षांची नव्हे. भावंडांवर वेचलेला पगार कोणत्याही वाटणीपत्रात येत नाही. आणि हक्क आहे तेथेही ‘भावाशी वाकडे नको’ म्हणून हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेतली जातेच.

अखेरीस पहाडात नीता जगण्याची इच्छा आक्रंदून सांगते, ती शंकरलाच. तो त्यातल्या त्यात प्रेमळ भाऊ. पण त्याचे प्रेम यशस्वी होऊन परतले, तोवर वेळ निघून गेली होती. नंतर वहाणेचा बंद तुटलेली दुसरीच तरुणी त्याच्या दृष्टीस पडते. खटला एका घरापुरता नाही. तेव्हा बहिणीची स्तुती पुरे; ती धडधाकट असतानाच तिचा हिशेब मांडा, आणि भावंडे मिळवती होताच पहिली विश्रांती तिला द्या.