पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरचा हेर

अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर १९६६ साली ‘मिशन: इम्पॉसिबल’ ही हेरकथांची मालिका सुरू झाली आणि १९७३ पर्यंत सात पर्वे चालली. ब्रूस गेलर यांच्या या निर्मितीतील हेर क्वचितच बंदूक उचलत. वेशांतर, बनावट आवाज आणि बारकाईने रचलेला डाव, हीच त्यांची शस्त्रे. मात्र कित्येक भागांच्या शेवटी खलनायकाचा बळी त्याच्याच साथीदारांच्या हातून जाई. नायकाचे हात स्वच्छ राहत. घडवून आणणारा मात्र तोच असे.

१९८८ साली मालिकेचे पुनरुज्जीवन झाले. मूळ संचातील यंत्रतज्ज्ञ बार्नी कोलियर साकारणारे ग्रेग मॉरिस यांचे पुत्र फिल मॉरिस यांनी नव्या मालिकेत बार्नीच्या मुलाची, ग्रँटची, भूमिका केली. याच मालिकेवरून १९९० साली निन्टेन्डोच्या यंत्रासाठी व्हिडिओ गेम निघाला. त्यात खेळणाऱ्याला तीन हेर मिळतात. मॅक्सकडे बंदूक, ग्रँटकडे झोप आणणारा वायू, तर निकोलसकडे वेशांतर.

असे रूपांतर सोपे नसते. मालिकेचा डाव लेखकाने आधीच रचलेला असतो. प्रेक्षकाने केवळ थक्क व्हायचे असते. खेळात मात्र दर क्षणी हाताला काम हवे. समोरचा पहारेकरी पाडणे हे त्यातले सर्वांत सुलभ काम. त्यामुळे पडद्यावर क्वचित दिसणारी बंदूक खेळात सहज शिरते.

जैन आचारशास्त्राच्या दृष्टीने हा बदल किरकोळ नाही. कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि केलेल्यास संमती देणे, या तिन्ही मार्गांनी कर्मबंध होतो. मालिकेतील नायक ‘कारित’ करतो आणि टाळ्या वाजवणारा प्रेक्षक ‘अनुमोदना’ करतो. खेळात तोच प्रेक्षक कर्त्याच्या जागी जाऊन बसतो.

‘पण तिथे जीव कुठे आहे? ती तर नुसती चित्रे,’ असे मुले म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. याच प्रश्नाचा विचार यशोधर राजाच्या कथेत आहे. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलकचंपू’त ती विस्ताराने येते. अशुभ स्वप्नाच्या निवारणासाठी आईने पशुबळीचा आग्रह धरला. राजाने नकार दिला. पण तिचे मन राखण्यासाठी पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला. ते पीठ आहे हे राजालाही ठाऊक होते. तरीही मायलेकांना अनेक तिर्यंच योनींत भटकावे लागले. शस्त्र पिठावर पडले. संकल्प मात्र वधाचा होता.

याचा अर्थ घरातील प्रत्येक खेळ पापमूलक ठरवावा असा नाही. त्याच मालिकेवरून निघालेल्या १९९६ च्या चित्रपटावर १९९८ साली निन्टेन्डो ६४ साठी खेळ आला. त्यात दुसऱ्याचा चेहरा धारण करून पुढे सरकण्यावर मोठा भर होता. बंदुकीखेरीजही खेळ रंगतो, याची ही साक्ष. अर्थात वेशांतर म्हणजे छळ, आणि माया हाही कषायच. ज्यांच्या पेढीचा व्यवहार शब्दावर चालतो, त्यांनी मुलांना तेही समजावून द्यावे.

सुट्टीत नवा खेळ घरी येतो तेव्हा वडीलधारे बहुधा किंमत विचारतात. त्याबरोबरच मुलाशेजारी अर्धा तास बसावे आणि दोन गोष्टी पाहाव्यात: पुढे जाण्यासाठी हा खेळ हाताकडून काय करवून घेतो, आणि समोरचा पडला की मुलाच्या चेहऱ्यावर कोणता भाव उमटतो. कोडे सुटल्याचा आनंद निराळा आणि कोणी कोसळल्याचा निराळा. तो भेद मुलाला स्वतःला ओळखता येऊ लागला, की कोणता खेळ ठेवावा आणि कोणता परत करावा हे तेच सांगेल.