बक्षीस जसे, खेळ तसा

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेममधला प्रगतीचा नियम पात्राची ताकद वाढवतो आणि खेळाडूंनी टेबलावर काय करावे हेही ठरवतो. ज्या कृतीला गुण मिळतात ती वारंवार घडते. जिला मिळत नाहीत ती मागे पडते. गेम मास्टर जे घरचे नियम करतो, त्यांत म्हणूनच प्रगतीच्या नियमाचा परिणाम सर्वांत दूरवर पोहोचतो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये (1974) खजिन्यातल्या सोन्याच्या नाण्यांचे एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळत. 1975च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीने राक्षस मारण्याचे गुण बरेच घटवले. त्यामुळे पहारा चुकवून, राक्षसाशी बोलणी करून सोने बाहेर काढणारा गट शहाणा ठरे. लढाई हा शेवटचा उपाय असे. 1989च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्याचे गुण ऐच्छिक झाले आणि 2000च्या तिसऱ्या आवृत्तीत हिशेबाचा पाया मात केलेल्या शत्रूंवर आला. तळघर तेच राहिले, पण पूर्वी टाळायचा राक्षस आता शोधून काढण्यासारखा झाला. शोधाची मोहीम हवी असलेल्या गेम मास्टरने सोन्याचे गुण परत आणले, तर लढाया कमी करा असे वेगळे सांगावे लागत नाही.

‘रूनक्वेस्ट’ने (1978) लेव्हलच काढून टाकल्या. वापरलेल्या कौशल्यापुढे खूण करायची आणि नंतर 1 ते 100चे फासे टाकायचे. आकडा सध्याच्या कौशल्याहून मोठा आला तरच वाढ. ‘कॉल ऑफ क्थुलू’ही (1981) याच वाटेने जातो. कौशल्य 20 असताना वाढीची शक्यता 80 टक्के असते, 60 असताना 40 टक्के. नवशिका भराभर शिकतो आणि जाणकार सावकाश. या पद्धतीची खोड म्हणजे खुणेसाठी विनाकारण शस्त्रे बदलणारा खेळाडू. त्यावर एका वाक्याचा घरचा नियम पुरतो: अपयशाने खरेच काही बिघडले असते, तिथेच खूण मिळेल.

हेतू चांगला असला तरी आकडे तपासावेच लागतात. 1979च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये नवी लेव्हल गाठण्याआधी प्रशिक्षण सक्तीचे होते. खर्च आठवड्याला, सध्याच्या प्रत्येक लेव्हलमागे, 1,500 नाणी. चोराला दुसऱ्या लेव्हलसाठी 1,251 एक्सपी पुरत. म्हणजे सगळे गुण सोन्यातूनच मिळवणाऱ्या चोराकडेही लेव्हल वाढण्याच्या दिवशी एका आठवड्याची फी नसे. छापील नियमाचे असे होते, तर शनिवारी संध्याकाळी घाईत सुचलेल्या नियमाची आकडेमोड दोनदा करायला हवी.

पात्र किती मार सोसू शकते हे सांगणाऱ्या हिट पॉइंटांचा हिशेब उद्बोधक आहे. 2014च्या पाचव्या आवृत्तीत फायटर प्रत्येक नव्या लेव्हलला दहा बाजूंचा फासा टाकतो किंवा ठरलेले 6 घेतो आणि त्यात कॉन्स्टिट्यूशनचा बोनस मिळवतो. बोनस +2 असेल, तर ठरलेल्या आकड्यांनी पाचव्या लेव्हलला 44 हिट पॉइंट होतात. फाशावर चारही वेळा 1 पडला तर 24, चारही वेळा 10 पडला तर 60. एकाच टेबलावर दोन फायटरांमध्ये एवढी तफावत पडू शकते, म्हणून ‘1 आला तर पुन्हा टाका’ हा नियम अनेकांना सुचतो. 1 जाईपर्यंत फासा टाकत राहिले, तर 2 ते 10 यांची सरासरी बरोबर 6 येते. सहा बाजूंच्या फाशाला 4, आठ बाजूंच्याला 5, बारा बाजूंच्याला 7; पुस्तकातले ठरलेले आकडेही हेच आहेत. फासा टाकण्याची मजा राहते आणि तोल ढळत नाही. याउलट ‘दोनदा टाकून मोठा आकडा घ्या’ या नियमात दहा बाजूंच्या फाशाची सरासरी 7.15 होते. विसाव्या लेव्हलपर्यंत फायटरला ठरलेल्या आकड्यांपेक्षा सुमारे 22 हिट पॉइंट जास्त मिळतात आणि राक्षसांचा मार त्या प्रमाणात हलका पडतो.

गैरहजर खेळाडूचे गुण कापावेत का, हा नेहमीचा वाद. पाचव्या आवृत्तीत पाचवी लेव्हल 6,500 एक्सपीला, तर सहावी 14,000ला येते. बाकीचे या टप्प्यात 7,500 कमावतात, तेवढ्यातच शून्यापासून समान वाटा घेणारे नवे पात्र पाचव्या लेव्हलला पोहोचते. दरी आपोआप भरत जाते. ती भरेपर्यंत नव्या पात्राला जगवणे एवढीच काळजी उरते. मैलाच्या दगडांवर सर्वांना एकदम लेव्हल देणाऱ्या टेबलावर हा वाद उद्भवत नाही. मात्र तिथे पुढचा दगड कोणता हे खेळाडूंना माहीत असले पाहिजे, नाहीतर प्रगती गेम मास्टरच्या मर्जीवर चालते.

घरचा नियम मोहीम सुरू होण्याआधी, हेतूसह लिहून सर्वांसमोर ठेवावा. या नियमामुळे पुढच्या बैठकीत खेळाडू काय वेगळे करतील, याचे उत्तर देता येत नसेल तर तो नियम करू नये. चार-पाच बैठकांनंतर तो पुन्हा तपासावा आणि चुकला असेल तर बदलावा, पण बदल पुढच्या लेव्हलपासून लागू करावा. पात्राच्या कागदावर एकदा लिहिलेले हिट पॉइंट खोडू नयेत. ते खेळाडूने खेळून मिळवलेले असतात.