‘तो’ची उधळपट्टी

इंग्रजींतील ‘दि’ हें उपपद मराठींत नाहीं, सबब निश्चित व अनिश्चित वस्तूंतील भेद मराठीस धड दाखवितां येत नाहीं, असा समज आमच्या पदवीधरांत दृढ झाला आहे. या समजापायींच भाषांतरकार पानोपानीं ‘तो’, ‘ती’, ‘तें’ यांची पेरणी करीत सुटले आहेत. ‘तो सूर्य मावळला’ असें वाचल्यावर, दुसरा अजून आकाशांत आहे काय, अशी शंका वाचकानें कां घेऊं नये?

हा समज आम्हांस साफ नाकबूल आहे. ‘आम्ही गडी शोधीत आहों’ आणि ‘आम्ही गड्याला शोधीत आहों’ हीं दोन वाक्यें घ्या. पहिल्यांत घरकामास कोणीहि चालेल. दुसऱ्यांत ठरलेला गडी कोठें तरी नाहींसा झाला आहे. सारा फरक एका ‘ला’नें केला! मात्र ‘ला’ म्हणजेच आमचें ‘दि’, असें कोणी घाईनें म्हणूं नये. ‘एका गड्याला शोधीत आहों’ असेंहि आपण म्हणतों. तेथें गडी ऐकणाऱ्यास अपरिचित, पण बोलणाऱ्याच्या मनांत ठरलेला असतो. इंग्रजीचें ‘ए’ हा बारकावा उघड करीतच नाहीं.

गोष्टींतला ‘एक राजा’ पुढच्या वाक्यांत नुसता ‘राजा’ होतो, आणि ‘कोणता राजा?’ असें एकहि मूल विचारीत नाहीं. ‘तो’ हें दाखविण्याचें बोट आहे. दोन वाघांपैकीं पलीकडचा दाखवावयाचा, तर ‘तो वाघ’. ‘तो गणपत आला होता’ यांत तर ओळखीबरोबर किंचित् तुच्छताहि येते. ‘दि’ला हें काम कोणी सांगून पाहावें.

1905 सालीं बर्ट्रंड रसेल यांनीं ‘दि’च्या अर्थाची चिकित्सा करतांना ‘फ्रान्सचा विद्यमान राजा टकला आहे’ हें कूट पुढें मांडलें. फ्रान्समध्यें तेव्हां राजाच नव्हता. कूट आम्ही आत्तांच मराठींत उतरविलें. त्यांत ‘तो’ कोठें लागला?

प्रतिपक्षाचा एक मुद्दा वजनदार आहे. लॅटिनमध्यें उपपद नव्हतें. तिच्या ‘इल्ले’ या दर्शक सर्वनामापासूनच पुढें फ्रेंच उपपद झालें. मग ‘तो’चें तसें कां न व्हावें? खुशाल व्हावें! पण ‘इल्ले’ शतकानुशतकें लोकांच्या जिभेवर झिजलें, भाषांतरकाराच्या टेबलावर नव्हे. आमच्या मंडईंतील भाजीवाली ‘ती जुडी घ्या’ म्हणते, तेव्हां तिचें बोट अजून पलीकडच्या जुडीकडेच असतें.