जुना फ्रिज आणि हवेचा हिशेब

दिवाळीला आमच्याकडे नवा फ्रिज आला आणि जुना मागच्या अंगणात गेला. दुसऱ्याच दिवशी भंगारवाला दारात हजर! शेजारच्या वहिनींचा फ्रिज त्यानं आदल्या आठवड्यात नेला होता. नेताना मागची तांब्याची नळी कापली आणि फुस्स आवाज झाला. मी विचारलं, "हे काय गेलं रे?" तर म्हणाला, "गॅस हो ताई. हवाच की ती, हवेत गेली."

हवेत गेलं म्हणजे संपलं, असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं. सासूबाई लहानपणी बार्शी लाइटच्या गाडीनं पंढरपूरला जायच्या. खिडकीबाहेर डोकं काढलं की डोळ्यात कोळशाचा कण जायचा, मग त्यांची आई पदराचं टोक ओलं करून तो काढायची. १८९७ मध्ये सुरू झालेली ती छोटी गाडी गेली, आता ब्रॉडगेज आहे. धूरही केव्हाच विरला. पण विरतो तो आपल्या डोळ्यांपुरता. काजळी पावसाबरोबर खाली येते. कोळशातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. साधारण निम्मा झाडं आणि समुद्र ओढून घेतात, बाकीचा वरच राहतो. त्यातला काही तर हजारो वर्षं राहायचा आहे.

हवा पहिल्यापासून अशी नव्हती, बरं का. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत तिच्यात प्राणवायू जवळजवळ नव्हताच. पाण्यातल्या सूक्ष्म जिवांनी तो तयार केला. पुढे झाडं आली, त्यांनी हवेतला कार्बन अंगात घेतला आणि गाडली जाऊन त्यांचा कोळसा झाला. आपल्याकडचा बराचसा कोळसा २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे झाडांनी ठेवलेली मुदतठेवच की! ती आपण दोन-अडीचशे वर्षांत मोडायला काढली. कारखानदारीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड २८० भाग होता, आज तो ४२० च्या वर आहे.

आता फ्रिजकडे येते. आमच्या जुन्या फ्रिजमागच्या पट्टीवर आर-१३४ए, १०० ग्रॅम असं लिहिलेलं सापडलं. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे तेराशे पट उष्णता धरतो. वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं: १०० ग्रॅम म्हणजे १३० किलोची बरोबरी. आपला स्वयंपाकाचा भरलेला सिलिंडर जळून संपेपर्यंत साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे त्या एका 'फुस्स'मध्ये तीन सिलिंडर! आणि मी इकडे डाळ भिजवून गॅस वाचवतेय.

त्याहून जुन्या फ्रिजांत सीएफसी असायचा. तो वर जाऊन ओझोनचा थर खातो, हे १९७४ मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र जगापुढे आलं, १९८७ मध्ये माँट्रियलला करार झाला, १९९२ मध्ये भारतही त्यात आला. आता तो थर हळूहळू भरून येतोय. अंटार्क्टिकावर १९८० सारखा व्हायला मात्र २०६६ च्या आसपास उजाडेल. कारण तेव्हा सुटलेला वायू अजून वर आहेच.

तुम्ही म्हणाल, मग जुन्या फ्रिजचं करायचं काय? आधी मागची पट्टी वाचा. दुरुस्तीला माणूस आला तर, "वायू सिलिंडरमध्ये काढून घ्यायचं यंत्र आहे का?" असं स्पष्ट विचारा. यंत्र असतं, आपण विचारत नाही म्हणून ते दुकानातच राहतं. मोडीत काढायचा असेल तर नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडेच द्या. नव्या फ्रिजांत बहुधा आर-६००ए असतो. तो उष्णता फारशी धरत नाही, पण पेट घेतो. तेव्हा त्याची नळी घरात कुणालाही कापू देऊ नका.

आमच्या दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "सोलापूरला पाठवावा लागेल, टेम्पोचं भाडं तुमचं." भंगारवाला उलट रोख पैसे देतो! त्यावरून आमच्या ह्यांची आणि माझी दोन दिवस चांगलीच जुंपली. शेवटी भाडं निम्मं निम्मं करायला समोरच्या काकू तयार झाल्या, त्यांचाही एक पडून आहे. टेम्पो मिळेपर्यंत आमचा फ्रिज अंगणातच आहे. सासूबाईंनी त्यात कुरडयांचे डबे ठेवले आहेत, आणि आता तो न्यायला त्यांचीच ना आहे.