पोर्ट कोणाच्या ताब्यात?
नेटवर्कवरून बूट होणारी शाळेतील संगणकयंत्रे सुरू झाली नाहीत की सारी तोहमत केबलवर येते आणि नव्या नेटवर्क कार्डांची मागणी तत्काळ वरिष्ठांकडे रवाना होते, ही रीत मला सर्वथा अनुचित वाटते. कारण यंत्राला पत्ता देणारी डीएचसीपी सेवा सर्व्हरच्या ६७ क्रमांकाच्या यूडीपी पोर्टवर, तर आरंभीची फाइल पुरवणारी टीएफटीपी ६९ वर विसंबून असते, आणि तेथे पूर्वी कोणी बसवून विसरलेला डीएनएसमास्क हा याच सेवा देणारा प्रोग्राम कब्जा करून बसला असेल, तर नव्या सेवेला उभे राहण्यास बहुधा जागाच उरत नाही. पत्ता आधीच वापरात असल्याची ओळ लॉगमध्ये सहसा नोंदलेली सापडते. प्रशासकाच्या अधिकाराने दिलेली नेटस्टॅटची एक आज्ञा कब्जेदाराचे नावही सांगते. ती दिल्यावाचून खरेदीच्या कागदावर सही होऊ नये, असा दंडक प्रत्येक संस्थेने घालावा.